माशांना मानवलेलं पाणी

माणसानं कुठल्याही बढतीबद्दल आभार मानण्याआधी ती जागा रिकामी का झाली, याची चौकशी करावी. मी केली नाही. मालकांनी केबिनमध्ये बोलावून "उद्यापासून तुम्ही आपले पर्यावरण अधिकारी" असं सांगितलं, तेव्हा मी इतका भारावलो की समोर खुर्ची असूनही उभ्यानंच आभार मानून बाहेर पडलो. ही हकिगत त्या बढतीची, काही माशांची आणि आमच्या हिच्या मूत्रपिंडांची आहे. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही, आणि ज्यांच्या मनात यायला हवं होतं त्यांना त्यासाठी सरकार पगार देत होतं.

आमचा कारखाना कापड रंगवण्याचा आणि मी तिथला स्टोअरकीपर. रंगाची पिंपं, सोड्याची पोती, नट-बोल्ट, झाडू, सगळं माझ्या ताब्यात. पर्यावरणाशी माझा एकच संबंध होता, तो म्हणजे गेटजवळच्या कुंड्यांना मी जाता-येता पाणी घालत असे. मालकांनी तेवढंच हेरलं. आधीचे केमिस्ट तब्येतीचं कारण सांगून सोडून गेले होते, नियमाप्रमाणे त्या जागेवर कुणाचं तरी नाव असणं भाग होतं, आणि माझं नाव मोकळंच होतं.

"पण मला रसायनशास्त्र येत नाही," मी विनयानं म्हणालो.

"ते कुणाला येतं?" मालक म्हणाले. "तुम्ही मासे सांभाळा."

माशांचं प्रकरण समजावून सांगायला हवं. कारखान्यातून निघणारं रंगीत पाणी नाल्यात सोडण्याआधी शुद्ध करायचं, असा सरकारचा नियम आहे. त्यासाठी आमच्याकडे टाक्यांची रांगच होती. एकीत चुना पडायचा, दुसरीत तुरटी, तिसरीत गाळ बसायचा, पुढे वाळूची गाळणी, आणि शेवटी निळ्या फरशांचा एक छोटा हौद. त्या हौदात मासे. नियमांच्या पुस्तकात माशांचा कुठेही उल्लेख नाही, तिथे नुसते आकडे आहेत. पण आकडे वाचायला वेळ लागतो आणि मासे लांबूनही दिसतात. हौदात मासे पोहताना दिसले की पाणी शुद्ध, अशी पद्धत आमच्या भागातल्या सगळ्याच कारखान्यांत पडून गेली होती. तपासणीचे साहेब आले की आधी हौदाकडे जायचे, मासे बघायचे, नमुन्याची बाटली तिथेच बुडवायचे आणि मग चहा घ्यायचे. त्यावर कारखान्याचा परवाना वर्षभर चालायचा.

कामाच्या पहिल्याच दिवशी मी हौदावर गेलो, तर तो कोरडा. टाक्यांवरचा ऑपरेटर सावलीत बसून कान कोरत होता. मी नवीन अधिकारी असल्याचं सांगितल्यावर त्यानं काडी बदलली.

"गाळणीचं पाणी यात सोडा," मी म्हणालो. "मासे मी आणतो."

"साहेब, त्या पाण्याची आणि माशांची गाठ घालू नका," तो म्हणाला. "आधीचे साहेब घालत नव्हते."

मला हे अपमानास्पद वाटलं. आधीच्या साहेबांनी काय केलं ते त्यांच्यापाशी, मी खोटेपणा करणार नव्हतो. मी स्वतः बाजारात जाऊन शोभेच्या माशांच्या दुकानातून चांगले तुकतुकीत मासे आणले आणि स्वतःच्या हातानं गाळणीच्या पाण्यात सोडले. पाणी दिसायला तसं बरं होतं, किंचित जांभळट. मासे एकदा इकडून तिकडे गेले, एकदा तिकडून इकडे आले आणि मग सगळे एकदम कुशीवर झाले. चहाची गाडी यायच्या आत माझा विभाग संपला होता. मी दुसऱ्या दिवशी दुसरे आणले, तेही गेले. मग मासेवाल्यानं अतिशय कणखर म्हणून दिलेले काळे मासे आणले. ते इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ मेले, एवढंच.

मालकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट समजुतीनं बोलले. "मासे मेले तर चालतील हो. साहेबांसमोर मरता कामा नयेत."

मग कारखान्याच्या बोअरचं पाणी घालून पाहिलं. त्यातही मासे गेले. इथे एखाद्या विचारी माणसानं थांबून विचार केला असता. जमिनीखालचं पाणी मासे का मारतं, ते तिथे कुठून आलं, पुढे कुठे जातं, वगैरे. पण मी अधिकारी होतो आणि माझ्यापुढे परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख होती. मी घरून पाणी आणायचं ठरवलं.

आमची वसाहत कारखान्याच्या खालच्या अंगाला आहे. नगरपालिकेचे नळ आमच्याकडे केव्हाच आलेत, त्यांत पाणी यायचं तेवढं राहिलंय. म्हणून सगळी वसाहत पुढच्या मोकळ्या जागेतल्या विहिरीवर. तिचं पाणी पंपानं वर चढतं आणि घराघरांत येतं. मागच्या बाजूनं नाला वाहतो. आज कारखान्यात कुठला रंग चालू आहे, हे मला कामावर जाण्याआधी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच कळायचं. विहीर पुढे, नाला मागे आणि मध्ये आम्ही. या रचनेत काही खटकण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं, कारण विहिरीचं पाणी गार होतं आणि चवीला गोड होतं.

मी स्कूटरला दोन्ही बाजूंना कॅन बांधले आणि विहिरीचं पाणी कारखान्यात न्यायला लागलो. मासे जगले. नुसते जगले नाहीत, बाळसं धरू लागले. मी हौदाच्या काठावर उभा राहिलो की ते सगळे माझ्याकडे तोंडं करून येत. घरात मला पाहून कुणी उठून उभं राहत नाही, त्यामुळे याचा माझ्यावर फार परिणाम झाला.

वसाहतीत मात्र बोभाटा झाला. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात, त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"सार्वजनिक विहिरीचं पाणी खासगी कारखान्यात कशासाठी जातं?"

मी माशांचं सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. सरकारला दाखवण्यासाठी सगळ्या पंचक्रोशीतून आपल्याच विहिरीची निवड झाली, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला होता. संध्याकाळपर्यंत तो अर्थ सगळ्या वसाहतीत पसरला. तळमजल्यावरचे विमावाले येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागले की आमचं पाणी मासेसुद्धा पारखून पितात. मला सगळे मत्स्यावतार म्हणू लागले. तोंडावर म्हणत, म्हणजे कौतुकानंच म्हणत असणार.

त्याच सुमारास हिच्या कंबरेत कळा येऊ लागल्या. लघवीला जळजळ, अंगात कणकण. मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "पाणी कमी पडतंय. भरपूर पाणी प्या. औषधापेक्षा पाणीच काम करेल."

मी वाटेल ते असेन, पण पत्नीच्या बाबतीत निष्काळजी नाही. डॉक्टरांचा शब्द मी कायद्यासारखा पाळला. सकाळी उठल्याबरोबर तिच्या हातात तांब्या द्यायचो. कामावर जाताना दुसरा भरून उशाशी ठेवायचो आणि परत आल्यावर तो रिकामा झालाय का ते वाकून बघायचो.

"अहो, नको वाटतं हो पाणी," ती म्हणायची. "तोंड कडू होतं."

"औषध कडूच असतं," मी म्हणायचो आणि ती पूर्ण पिईपर्यंत समोर उभा राहायचो. ती माझ्याकडे बघत बघत प्यायची. अजून मला ते आठवतं आणि मला ते सहन होत नाही.

तपासणीचे साहेब आले. सज्जन, किडकिडीत, कायम कुठल्यातरी दुसऱ्याच फाइलची काळजी करणारे गृहस्थ होते. हौदाशी उकिडवे बसून त्यांनी माशांना चुटकी वाजवली आणि मासे धावत आले. साहेबांचा चेहरा खुलला. "मासे छान ठेवलेत," ते म्हणाले. नमुन्याची बाटली हौदात बुडवली. काही दिवसांनी अहवाल आला की आमचं सांडपाणी उत्तम आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात, आमच्या विहिरीचं पाणी तोवर उत्तमच असणार. मालकांनी अहवालाला चौकट करून केबिनमध्ये लावली. उद्योजकांच्या संघटनेनं आम्हाला ढाल दिली, ती घ्यायला मालक गेले, मी त्यांच्या कोटाला ब्रश मारला. वसाहतीनं माझा सत्कार करायचं ठरवलं, आणि ते ठरवलेलंच राहिलं.

मग मासे मरायला लागले.

आधी एक मेला. म्हातारा असेल म्हणून मी सोडून दिलं. मग दोन मेले, मग उरलेले हौदाच्या कोपऱ्यात तोंडं वर काढून धापा टाकू लागले. मी हादरलो. ऑपरेटर म्हणाला की त्यानं गाळणीचा व्हॉल्व्ह उघडलेला नाही, आईची शपथ. म्हणजे हौदात विहिरीचंच पाणी होतं. मग दोष कुणाचा? मी मासेवाल्याकडे जाऊन भांडलो. त्यानं मला माशांचं खाद्य बदलायला सांगितलं आणि नवे मासे दिले. ते घरंदाज आहेत म्हणाला. घरंदाज मासे आणखी लवकर गेले.

अशा वेळी शेजारी मदतीला धावतात. हेडमास्तरांचं मत पडलं की मासे एकलकोंडेपणानं मरतात, त्यांना रोज कुणीतरी वाचून दाखवलं पाहिजे. विमावाल्यांना वाटलं की स्कूटरच्या धक्क्यांनी पाण्यातला जोम मोडतो, कॅन गोधडीत गुंडाळावेत. समोरच्या काकू म्हणाल्या की विहिरीवरून पाणी काढताना तुम्ही बूट घालता, तिथेच सगळं अडतं. मी अनवाणी पाणी काढलं, गोधडीत गुंडाळलं, स्कूटर पायी ढकलत नेली आणि जेवणाच्या सुट्टीत हौदाशी बसून वर्तमानपत्रही वाचून दाखवलं. वाचून दाखवलं ते इकडेतिकडे बघून, पण ऑपरेटरनं पाहिलंच. मासे मेले. हौदाच्या पाण्यावर साबणासारखा तवंग धरलेला मला दिसला होता. माझ्या मनात आलं, कॅन नीट धुतलेला नसेल.

इकडे हिचे पाय सुजू लागले होते. चपला घट्ट होतात म्हणाली. मी मोठ्या मापाच्या आणून दिल्या आणि पाण्याचा आणखी एक तांब्या वाढवला.

पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाची तपासणी जवळ आली तेव्हा बुडत्याला काडीचा आधार म्हणून मला ताई आठवली. माझी थोरली बहीण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकाडावर राहते. तिच्याकडे नळाला नगरपालिकेचं पाणी येतं. मी तिच्याकडे जाऊन म्हणालो, "ताई, मला रोज दोन कॅन पाणी लागेल." तिनं का म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "ने रे, हवं तेवढं ने."

एवढ्याशा पाण्यासाठी डोळे का टिपायचे ते मला कळलं नाही. पण बायकांचं असतं काहीतरी, म्हणून मी कॅन भरले. हौद रिकामा करून घासला, ताईचं पाणी भरलं, नवे मासे सोडले. ते जगले. दुसऱ्या दिवशीही जगले. तिसऱ्या दिवशी चुटकी वाजवताच माझ्याकडे आले. मला जो आनंद झाला तो शास्त्रज्ञालाच कळेल. कारण सापडलं होतं. आमच्या विहिरीचं पाणी माशांना मानवत नव्हतं, ताईचं मानवत होतं. त्या आनंदात घरी आलो आणि हिच्यासाठी माठातून तांब्या भरून घेतला.

हे असं कितीतरी दिवस चाललं. रोज शहराच्या त्या टोकाहून चांगलं पाणी आणायचं, ते घरावरून पुढे कारखान्यात न्यायचं, माशांना घालायचं आणि परत येऊन बायकोला विहिरीचं पाजायचं. दोन्ही कामं मी सारख्याच निष्ठेनं करत होतो.

एका संध्याकाळी घरी आलो तर ही पलंगावर बसून होती. दिवा लावला नव्हता. हातात फोन होता.

"ताईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होत्या, त्या पाण्यानं काही उतार पडतोय का म्हणून."

मी बूट काढत होतो, तसाच थांबलो.

"मी म्हटलं, कुठलं पाणी? तर म्हणाल्या, अगं, तो रोज एवढ्या लांबून तुझ्यासाठी नेतोय ते. माझा भाऊ लहानपणापासून असाच हळवा आहे म्हणाल्या. रडत होत्या." तिनं फोन बाजूला ठेवला. "कुणासाठी नेता?"

"माशांसाठी."

"का?"

"आपल्या पाण्यात ते जगत नाहीत."

हे वाक्य मी मालकांसमोर, ऑपरेटरसमोर, मासेवाल्यासमोर किती वेळा उच्चारलं असेल. त्या अंधारात ते माझ्याच कानांवर पहिल्यांदा पडलं. उशाशी मी सकाळी भरून ठेवलेला तांब्या होता, त्यातलं अर्धं पाणी तिनं प्यायलेलं होतं. तिनं तो उचलला, आत बघितलं आणि माझ्यासमोर धरला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तो घेऊन मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद पुढे-मागे केला, आणि कारखाने जवळ आहेत का असं विचारलं. मी एका कारखान्यात पर्यावरण अधिकारी असल्याचं सांगितलं नाही. दोन्ही मूत्रपिंडांनी बरंच काम सोडून दिलं होतं. आता पाणी जपून, दिवसाला थोडकंच प्यायचं, असं त्यांनी बजावलं. म्हणजे ताईचं गोड पाणी अखेर आमच्या घरात आलं, आणि तेव्हा तिला ते घोट-घोट मोजून प्यायचं होतं. उन्हाळा होता. ती ओल्या फडक्यानं ओठ पुसायची आणि माठाकडे बघायचं टाळायची.

मी वसाहतीतल्या लोकांना सांगितलं, विहिरीचं पाणी पिऊ नका. हेडमास्तर संतापले. "मासे तुमच्या हातून मरतात, त्यात विहिरीचा काय दोष? उद्या घरं विकायची वेळ आली तर कोण घेईल?" समोरच्या काकू म्हणाल्या, इतकी वर्षं पितोय, आम्हाला काही झालं नाही. त्या हे बोलताना कंबरेवर हात दाबून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून विमावाल्यांच्या दारात विकतच्या पाण्याचा जार येऊ लागला, पण तो ते टॉवेलाखाली झाकून नेत.

मग मी रजा टाकून प्रदूषणाच्या सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं तक्रारीची रीत समजावून सांगितली. नागरिकानं आधी संबंधित कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्याकडे तक्रार करायची. त्यानं दखल घेतली नाही तरच कार्यालय ती हातात घेणार.

"तो अधिकारी मीच आहे," मी म्हणालो.

"मग सोपं झालं," कारकून म्हणाला. "आपली आपण दखल घ्या."

मी आत घुसलो. तेच किडकिडीत साहेब होते. त्यांनी मला ओळखलं, माशांची विचारपूस केली. मी सगळं सांगून टाकलं. गाळणीचं पाणी हौदात जातच नाही, ते तसंच नाल्यात जातं, नाल्यातून विहिरीत मुरतं, माझी बायको ते प्यायली. साहेबांनी मन लावून ऐकलं.

"पण हौदात मासे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत," ते म्हणाले. "नमुनाही उत्तम आला होता."

"तो आमच्या विहिरीच्या पाण्याचा होता, साहेब."

"म्हणजे विहिरीचं पाणी उत्तम आहे."

"तेव्हा होतं. आता त्यात मासे मरतात."

"आता तर हौदात मासे जिवंत आहेत, असं तुम्हीच म्हणालात."

"ते माझ्या बहिणीच्या नळाचं पाणी आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "विहिरीच्या पाण्यात मासे जगले, याचा माझ्याकडे अहवाल आहे. बहिणीच्या पाण्यात जगतायत, हे तुम्ही सांगताय. मेलेल्या माशांचा कागद कुठे आहे? तुम्ही चांगलं काम केलंय हो. घरच्या त्रासामुळे माणूस खचतो. तपासणीला भेटूच."

त्यांनी मला चहा पाजला. ते मला खरंच समजावत होते, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. मी बसनं घरी आलो. सगळ्या वाटेत एकच विचार होता, की जिवंत माशांवर यांचा एवढा विश्वास असेल तर त्यांना मेलेले दाखवायला हवेत.

तपासणीच्या दिवशी मी लवकर जाऊन हौदातलं ताईचं पाणी अर्ध्यावर आणलं. साहेब, मालक आणि मालकांचे दोन पाहुणे आले. मासे काठाशी आले, साहेबांनी चुटकी वाजवली. मी ऑपरेटरला म्हटलं, "व्हॉल्व्ह उघड." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं आणि तो हलला नाही. मग मीच उघडला. गाळणीचं पाणी धो धो आलं. त्या दिवशी कारखान्यात हिरवा चालू होता.

मासे एकदा इकडून तिकडे गेले. पुढचं मला पाठ होतं, तरी मी बघत राहिलो. रोज मला पाहून धावत येणारे जीव ते. शेवटचा काठाशी माझ्याजवळच येऊन उलटला. मालकांचा चेहरा हौदातल्या पाण्याच्या रंगाचा झाला.

"साहेब," मी म्हणालो, "हे आमचं पाणी. हे नाल्यात जातं. आता नमुना घ्या."

साहेबांनी वाकून हौदात पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, मी शपथेवर सांगीन. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"नमुन्याची बाटली आज आणलेली नाही," ते म्हणाले. "पण ही बाब गंभीर आहे. मी शेरा मारतो."

शेरा पडला. माशांची जात या हवामानाला योग्य नाही, ती बदलावी. मासे सांभाळणाऱ्या व्यक्तीनं गंभीर हलगर्जीपणा केल्याचं प्रत्यक्ष पाहण्यात आलं, तिच्या जागी जबाबदार व्यक्ती नेमावी. या दोन अटींवर परवान्याचं नूतनीकरण करण्यास हरकत नाही.

मला त्याच दुपारी मोकळं केलं. स्टोअरमध्ये परत जागा नव्हती, तिथे तोवर मालकांचा भाचा बसला होता. गेटजवळ ऑपरेटर मला पोचवायला आला. माझ्या जागेची विचारणा त्याच्याकडे झाली होती आणि घ्यावी की नाही याबद्दल त्याला माझा सल्ला हवा होता. मी म्हटलं, आधीचा माणूस का गेला याची चौकशी कर. तो म्हणाला, "ते काय, तब्येतीचं कारण."

घरी आलो तेव्हा ही खिडकीशी उशीला टेकून बसली होती. मागे नाला हिरवागार वाहत होता. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं, व्हॉल्व्हचं, माशांचं, शेऱ्याचं. नोकरी गेल्याचं शेवटी सांगितलं. तिनं त्यावर मान हलवली, जणू ते तिच्या हिशेबात होतंच.

"त्या बिचाऱ्या माशांना कशाला मारलंत?" ती म्हणाली. "त्या साहेबांनाच एक पेला द्यायचा होतात."

"दिला होता," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर भरून पुढे केला. पेला त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, मी बाहेरचं पाणी पीत नाही. बाटली घरून आणतात ते."

तिनं ओलं फडकं ओठांवरून फिरवलं आणि घडी करून मांडीवर ठेवलं.

"बायको भरून देत असेल," ती म्हणाली.